होम झोन महाराष्ट्र

म्हैसूरला माझी एकुलती एक मुलगी राहते. तिचं घर ऐसपैस आहे, वर गच्ची आहे, दारात दोन नारळ आहेत. तरी तिच्या लग्नानंतरची चार वर्षं मी त्या घरात एक रात्रही राहिलो नव्हतो. कुणी विचारलं तर सांगायचो, आमच्यात लेकीच्या सासरी मुक्काम करत नाहीत. आमच्या निपाणीत हे उत्तर चालून जातं. माझे वडील आत्याच्या सासरी पाणीसुद्धा पीत नसत. सायकल भिंतीला टेकवायची, उंबऱ्याबाहेरूनच ख्यालीखुशाली विचारायची आणि माघारी फिरायचं. गल्लीतल्या जुन्या माणसांना ते अजून आठवतं, त्यामुळं माझ्या बोलण्यावर कुणी शंका घेत नसे.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते फक्त बायकोला ठाऊक होतं. ते लग्नातल्या शेवटच्या पंगतीचं होतं.

लग्न बेळगावात झालं. व्याही बेळगावचे, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, मीही म्हणतो. मुलगा म्हैसूरला नोकरीला, म्हणून सर आणि विहीणबाई तिकडंच राहायला गेलेले. जेवणाची बाजू माझ्याकडं होती आणि शेवटच्या पंगतीला जिलेबी संपली. आचाऱ्याचा अंदाज चुकला, दहा-पंधरा पानं कोरडी राहिली. सर हात धुवायला उठले आणि शेजारच्या माणसाला हसत हसत म्हणाले, "तंबाखूवाल्यांनी इथंसुद्धा वजन मारलं वाटतं."

मी त्यांच्या मागंच तुपाचं भांडं घेऊन उभा होतो.

वजन मारणं म्हणजे काट्यावर फसवणं. मी तंबाखूच्या वखारीत पोती उचलायला लागलो तेव्हा मला नीट मिशी फुटली नव्हती. पुढं दलाली केली, पुढं स्वतःची वखार उभी केली. दरासाठी मी शेतकऱ्याशी दोन-दोन तास भांडलो असेन, आवाज चढवला असेन, पोतं ढकलून दिलं असेल, पण काट्याला हात लावला नाही. माझ्या काट्यावर माल टाकून माणसं चहा प्यायला निघून जातात. मला दुसरी पदवी नाही. आणि या माणसानं ती एका जिलेबीपायी काढून घेतली, तीही हसत हसत. त्याच पावली मी ठरवलं, या घरी राहायचं नाही.

ठरवणं सोपं होतं. निभावणं बायकोच्या वाट्याला आलं. वर्षातून तीन-चारदा आम्ही म्हैसूरला जायचो आणि स्टँडजवळच्या लॉजवर उतरायचो. तिथल्या न्हाणीघराचं दार धरून ठेवावं लागायचं. बायको तिथं आंघोळ करायची नाही, मुलीकडं जाऊन करायची. मुलीला शेजारणी विचारायच्या, तुझे आईवडील लॉजवर का राहतात? तिनं मला फोनवर स्वच्छ सांगितलं, "आप्पा, एक तर घरात राहा, न्हायतर येऊ नका. माझी इज्जत जातीय."

न जाणं शक्य नव्हतं. घरात राहणं माझ्याच्यानं होत नव्हतं. मग मला तिसरी वाट हवी होती, जिच्यात माझा मानही राहील आणि तिचाही. चांगल्या रिसॉर्टचा मेंबर असलो, तर शेजारणींना सांगता आलं असतं, की आप्पांची मेंबरशिप आहे, ते तिकडं उतरतात. मेंबरशिप म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही.

मी आधी कोल्हापूरला एका कंपनीच्या कार्यक्रमाला जाऊन आलो. त्यांची योजना ठरलेल्या आठवड्याची होती. वर्षातला एक आठवडा, एक ठिकाण, पंचवीस वर्षं. मी म्हटलं, पोरीला ताप आला तर तो तुमचा आठवडा बघून येणार हाय का? आणि उठलो. त्यांनी दिलेली प्रवासी बॅग तेवढी घेतली.

दुसरा कार्यक्रम बेळगावात एका मोठ्या हॉटेलात होता. बायकोनं साडीच्या दुकानात कूपन भरलं होतं, त्यावर डिनर सेट लागला होता. अट एवढीच, की नवराबायकोनं जोडीनं यायचं आणि दीड तास ऐकून घ्यायचं. या कंपनीची योजना पॉइंटांची होती. दरवर्षी खात्यावर पॉइंट जमा होणार. ते कुठंही, कधीही, हवे तेवढे दिवस वापरायचे. दोन रात्री पाहिजेत, दोन घ्या. दहा पाहिजेत, दहा घ्या. यंदा उरले तर पुढच्या वर्षी घ्या. मला पटलं. आमचा प्रवास तसाच होता, न ठरवता निघणारा. टेबलावर त्यांनी एक पुस्तक ठेवलं होतं, त्यात म्हैसूरजवळच्या रिसॉर्टचा फोटो होता, तळं आणि बगळे. बायकोनं ते पान उघडलं ते पुन्हा मिटलं नाही.

मी काही भोळा नव्हतो. मी आत जातानाच बायकोला सांगितलं होतं, "डिनर सेट घ्यायचा आन् सुटायचं. तू तोंड उघडू नकोस."

"मी कशाला उघडू? तुमचं मिटलं म्हंजे झालं," ती म्हणाली.

समोर एक मुलगी बसली, बेळगावशेजारच्या पिरनवाडीकडची, गोड बोलणारी. तिनं जो आकडा सांगितला त्यावर मी हसलो. मग मी निम्मा आकडा सांगितला आणि वर दीडपट पॉइंट मागितले. ती उठून कुणाला तरी विचारून आली. मी वीस गोष्टी काढल्या. पहिल्या वर्षाची देखभाल फी माफ करा. नाष्टा फुकट धरा. पाहुण्याला पाठवलं तर जादा घेऊ नका. ती पुन्हा उठली. चार वेळा चहा आला. शेजारची टेबलं एक तर सह्या करून किंवा तोंड वाकडं करून रिकामी झाली, आमचं चालूच होतं. दीड तासाचे चार तास झाले. मला भूक लागली होती पण मजा येत होती. कितीतरी दिवसांत असा सौदा रंगला नव्हता. मी असा आकडा मागायचं ठरवलं, जो ते कधीच देणार नाहीत. म्हणजे त्यांनी नाही म्हणायचं आणि मी डिनर सेट घेऊन उठायचं.

तेव्हा त्यांचा मॅनेजर आला. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, कपाळाला घाम. फॉर्मवर माझा धंदा वाचून म्हणाला, "अण्णा, तुम्ही निपाणीचे व्हय? मी संकेश्वरचा. माझा मामा वखारीत मुनीम होता."

"मग मामाला विचारून भाव सांगा," मी म्हटलं आणि माझा शेवटचा आकडा टाकला.

त्यानं रुमालानं कपाळ पुसलं, माझ्याकडं सरळ पाहिलं आणि एकच शब्द बोलला.

"दिला."

आमच्याकडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. तंबाखूच्या सौद्यात मी भाव मागितला आणि समोरच्यानं 'दिला' म्हटलं, की सौदा झाला. कागद नाही, सही नाही. नंतर माल ओला निघो, बाजार पडो, माल उचलायचा. मागून घेतलेला भाव नाकारणाऱ्या माणसाच्या दारात पुन्हा गाडी उभी राहत नाही. चाळीस वर्षांत मी असा एकदाही मागं फिरलो नव्हतो. कंपनीचे असले नियम नव्हते. मी हात झटकून उठलो असतो तर त्यांनी मला काय केलं असतं? काही नाही. पण त्या संकेश्वरच्या माणसाला माहीत होतं, मी उठणार नाही. मलाही तो शब्द कानावर पडताच कळलं, आता उठता येत नाही. खुर्ची तीच होती, दार उघडं होतं, पण मी बसून राहिलो.

बायकोनं माझ्या मांडीला चिमटा काढला. मी म्हटलं, "आण फॉर्म."

मुलगी माझं आधार कार्ड बघून फॉर्म भरायला लागली. एका रकान्यात तिनं बरोबरची खूण केली. मी चष्मा लावून बघितलं. वर लिहिलं होतं होम झोन, आणि खूण होती कर्नाटकवर.

"हे काय?"

"सर, होम झोन. तुमचा पत्ता कर्नाटकातला आहे ना, म्हणून..."

सीमाभागात जन्मलेल्या माझ्या वयाच्या माणसाला हे एक वाक्य पुरतं. लहानपणापासून प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक कचेरीत, प्रत्येक पाटीपाशी हेच ऐकत आलेलो. पत्ता कुठला तो मला ठाऊक आहे. घर कुठलं हे मला कुणी सांगायचं नाही. आणि हिनं तर सरळ 'होम' लिहिलेल्या रकान्यात खूण केली होती.

"खोडा ते," मी म्हटलं. आवाज सगळ्या हॉलभर गेला असावा, कारण पाणी देणारा वेटर थांबला. "आमचं घर कुठं हाय ते आमाला शिकवू नका. महाराष्ट्र लिवा."

"सर, तसं नाही, हे फक्त बुकिंगसाठी असतं. होम झोनमध्ये आधी..."

"कशासाठी बी असू दे. महाराष्ट्र."

तिनं मॅनेजरकडं बघितलं. मॅनेजरनं मान हलवली. तिनं खोडलं, महाराष्ट्रावर खूण केली, त्या खोडण्याशेजारी माझी सही घेतली. नवा फॉर्मसुद्धा घेतला नाही. मी गेली काही वर्षं लोकांना सांगत आलो, की कंपनीनं मला फसवलं. फसवलंच. पण त्या मुलीचं 'होम झोनमध्ये आधी' हे अर्धं वाक्य मला आठवतं, आणि ते कुणी तोडलं हेही आठवतं.

डिनर सेट मिळाला. घरी आल्यावर मी सगळ्यांना सांगत सुटलो, की कंपनीला कसं घाम फोडून खाली आणलं. वखारीत दोन दिवस तोच विषय होता. एकानं विचारलं, "अण्णा, पण एका रात्रीला पॉइंट किती लागत्यात?" मी त्याला गप्प बसवलं. खरं म्हणजे मी पॉइंट किती मिळणार यावर भांडलो होतो. खोलीला किती लागणार, हे ठरवणं कंपनीच्या हातात होतं आणि ते दरवर्षी बदलत होतं. भाव मी पाडला होता, माप त्यांच्याकडं राहिलं होतं. वखारीत बसणाऱ्या माणसानं ही चूक करावी, हे मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नाही.

दुसरी चूक दिवाळीच्या सुमाराला कळली. म्हैसूरचं रिसॉर्ट बघितलं तर भरलेलं. पुढचा महिना बघितला, बुकिंग उघडलेलंच नाही. मी फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पत्ता बघून कन्नडमध्ये सुरुवात केली. मीही कन्नडमध्येच भांडलो, भांडायला मला कुठलीही भाषा चालते. तिनं शांतपणे सांगितलं, आपल्या होम झोनमधलं बुकिंग सहा महिने आधी उघडतं. दुसऱ्या झोनमधलं फक्त तीस दिवस आधी, आणि तेही होम झोनवाल्यांनी घेऊन काही उरलं तर.

"सर, आपला पत्ता तर कर्नाटकचा दिसतोय. मग होम झोन महाराष्ट्र का घेतला?"

मी तिला सांगायला लागलो. भाषा, शाळा, गावातल्या पाट्या, आमच्या वडिलांच्या वेळचे मोर्चे. तिनं पाच-सात मिनिटं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही. झोन बदलायचा तर अपग्रेड करावं लागेल. अजून पॉइंट विकत घ्यावे लागतील."

मेंबरशिप परत करायची मुदत होती, पण सही केल्यापासून दहा दिवस. ते दहा दिवस मी वखारीत बसून सौद्याची फुशारकी मारण्यात घालवले होते. आता पंचवीस वर्षं. आणि मी जागा वापरो वा न वापरो, देखभाल फी दरवर्षी.

पॉइंट वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही फिरायला लागलो. मेंबरशिप घेतली होती मुलीकडं जायला, आणि आम्ही मुलीच्या उलट्या दिशेला जात होतो. महाबळेश्वर झालं. पाचगणी झालं. मग कोकणात एका रिसॉर्टवर गेलो. खोलीपुढं सज्जा, सज्ज्यापुढं समुद्र. आम्हाला वाटलं होतं तेवढी सुंदर जागा होती. बायको सज्ज्यात बसून फोनवर मुलीशी बोलायची, उरलेला वेळ समुद्राकडं पाठ करून बसायची.

"बघ की गं समुद्र," मी म्हटलं.

"बघितला. काल बी हितंच हुता."

"लोकांना मिळत न्हाय असलं."

ती माझ्याकडं वळली. "अहो, महाराष्ट्र तुमचा, मला मान्य हाय. पण माझी पोरगी म्हैसूरला हाय. तिच्या घरात माझ्यासाठी खोली झाडून ठेवत्यात इहीणबाई, आन् मी हितं येऊन माशा मारतीया. कशापायी? एका जिलेबीपायी?"

मी उठून फिरायला गेलो. फिरायला जागा तरी कुठली होती? रिसॉर्टच्या फाटकापासून फाटकापर्यंत. आतल्या दुकानात पाण्याची बाटलीसुद्धा दुप्पट भावानं होती, त्या दुकानदाराशी भांडून परत आलो.

मग मुलीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण, ते आमच्याकडं निपाणीलाच व्हायचं. बायकोनं बाळंतिणीची खोली रंगवून घेतली, डिंक, अळीव, खारीक आणून ठेवली. सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, प्रवास बंद, शक्यतो पडून राहायचं. म्हणजे मुलगी येणार नव्हती. आईलाच तिकडं जावं लागणार होतं, तेही दोन दिवसांसाठी नाही.

सरांचा स्वतः फोन आला. "अण्णा, दोघंही या. घर तुमचंच आहे."

त्यांचं बोलणं कायम असं स्वच्छ, परीटघडीचं. मी म्हटलं, "बघतो सर, मेंबरशिपचं बुकिंग चाललंय." ते म्हणाले, "अहो, कशाला रिसॉर्ट? इथं वरची खोली रिकामी आहे." मी म्हटलं, "पॉइंट वाया जात्यात."

तीस दिवसांची खिडकी ज्या सकाळी उघडायची त्या सकाळी मी चहाआधी फोन घेऊन बसायचो. म्हैसूर, भरलेलं. मडिकेरी, भरलेलं. ॲपनं विचारलं, प्रतीक्षा यादीत राहायचं का? मी होय दाबलं. सात नंबर मिळाला. आठवडाभरानं सहा झाला. वखारीत लोक तंबाखूचा भाव विचारायचे आणि मी फोन बघून सांगायचो, सहाच आहे अजून.

बायकोनं एक आठवडा वाट बघितली. मग एका दुपारी बॅग भरली. कोल्हापूरच्या कार्यक्रमात फुकट मिळालेली तीच बॅग.

"कुठं निघालीस?"

"पोरीकडं."

"नंबर लागू दे की. सहा हाय आता."

"तुमी बसा यादीत," ती म्हणाली. "पोट पोरीचं हाय, ते तुमच्या नंबरासाठी थांबणार न्हाय."

मी तिला बेळगाव स्टेशनवर सोडलं. डब्याच्या खिडकीतून तिनं सांगितलं, फ्रिजमध्ये आमटी आहे, दोन दिवस पुरेल. तिसऱ्या दिवसाचं काही बोलली नाही.

तिच्यामागं मी घरात एकटा राहिलो आणि तेव्हा मला माझी परिस्थिती पहिल्यांदा नीट दिसली. रंगवलेली खोली बंद. डिंकाचे डबे तसेच. मी जिथं जाऊ शकत होतो तिथं मला जायचं नव्हतं, आणि जिथं जायचं होतं तिथं जायला मीच बंदी घातलेली. पंगतीत बोललेलं एक वाक्य सर केव्हाच विसरले असतील. मी मात्र ते जपून, घासूनपुसून ठेवलं होतं आणि त्याच्याभोवती पंचवीस वर्षांचा करार करून घेतला होता. नंबर पाचवर आला. मग चार. मग पुन्हा पाच झाला. मी फोन लावून ओरडलो, की यादी उलटी कशी जाते? मुलगी म्हणाली, होम झोनचे मेंबर मध्ये आले की तसं होतं.

बाळ तारखेआधी आलं. बायकोचा सकाळी फोन. "नात झाली. दोघी बऱ्या हायत. कवा येताय?"

"दोन नंबर हाय आता," मी म्हटलं. तोंडातून तेच निघालं.

फोन कुणीतरी तिच्या हातातून घेतला. मुलगी होती, आवाज दमलेला. "आप्पा, तुमचा नंबर लागंस्तोवर ही चालायला लागंल."

मी त्याच दिवशी गाडी धरली. लॉजवर उतरायचं, नात बघायची आणि परत यायचं, असा हिशेब केला होता. म्हैसूरला उतरलो तर फलाटावर सर उभे, बायकोनं गाडी कळवली असणार. स्वेटर, कानटोपी, हातात माझ्यासाठी आणलेलं जादा हेल्मेट. माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतलीच.

"चला. आजोबा झालात!"

"सर, मी जरा स्टँडकडं जाऊन..."

"स्टँडकडं काय आहे? नात आज घरी येतेय."

आजूबाजूला माणसं होती. पिशवी ओढून घेणं बरं दिसलं नसतं. मी त्यांच्या स्कूटरवर मागं बसलो. चार वर्षं ज्या माणसाकडं पाठ फिरवली, त्याच्या पाठीला नाक लावून म्हैसूरच्या रस्त्यातून चाललो. प्रत्येक खड्ड्याला त्याचा खांदा धरावा लागत होता.

नात बघितली. तिचं मी इथं लिहीत नाही, ते लिहून होत नाही. जेवायला वाढलं, जेवलो. झोपायला वरची खोली दिली, तिथं जिना चढून जायला नको म्हणून मी हॉलमधल्या पलंगावर पडलो. मनात म्हटलं, उद्या निघायचं. दुसऱ्या दिवशी बारशाची बोलणी निघाली. निघता आलं नाही.

तिसऱ्या सकाळी सर कागद घेऊन माझ्याशेजारी येऊन बसले. मी ते कागद लांबूनच ओळखले. तळं आणि बगळे.

"अण्णा, तुमचा सल्ला हवाय. यांचा माणूस आज अकराला घरी येणार आहे. पॉइंटांची योजना. आता आम्हीही फिरावं म्हणतो, बेळगावला वरचेवर जाणं होतंच, गोवा आहे. तुम्ही घेतलंय. व्यवहारातले माणूस तुम्ही, तुम्ही घेतलंय म्हणजे ते चांगलंच असणार. घेऊ ना?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको ऐकत होती.

मला एकच शब्द बोलायचा होता. 'घ्या.' एवढं म्हटलं असतं तर माझी अब्रू शाबूत राहिली असती, पंचवीस वर्षं सरांनी माझ्यासारखीच फी भरली असती, आणि पंगतीचा हिशेब तिथंच चुकता झाला असता. खोटंही ठरलं नसतं, ज्याचं त्यानं बघून घ्यायचं. तो शब्द माझ्या तोंडात आला होता. मी सरांच्या हातातलं पेन बघितलं. त्यांनी टोपण आधीच काढून ठेवलं होतं.

"घेऊ नका," मी म्हटलं.

"का? वाईट आहे?"

"वाईट हाय का चांगलं ते मला ठाव न्हाय, सर. मी अडकलोय." आणि मग सगळं सांगितलं. चार तासांचा सौदा, 'दिला', पॉइंट आणि माप, प्रतीक्षा यादीचा दोन नंबर, जो त्या सकाळीही दोनच होता. होम झोनचं सांगताना माझा आवाज पुन्हा चढला. "ती पोरगी मला म्हणते कर्नाटक! होम म्हणून!"

सर चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले. मग हसायला लागले. इतके हसले की खोकला आला, विहीणबाई पाणी घेऊन आल्या. मला वाटलं, माझ्यावर हसतोय हा माणूस, पुन्हा.

"अहो अण्णा," ते डोळे पुसत म्हणाले, "मी तरी काय लिहिलं असतं? बेळगावचा माणूस मी! मी त्या मुलीच्या हातातून पेन ओढून महाराष्ट्र लिहिलं असतं. आणि वर दोन तास व्याख्यान दिलं असतं."

"दोन न्हाय, चार," विहीणबाई म्हणाल्या.

अकराला आलेल्या माणसाला त्यांनी दारातूनच वाटेला लावलं. मग कागद रद्दीत ठेवत मला म्हणाले, "म्हणजे आता तुमच्याकडे जागा नाही. इथंच राहावं लागेल, दुसरा इलाज नाही." आतून बायकोनं सांगून टाकलं, की आम्ही महिनाभर आहोत. मला कुणी विचारलं नाही.

त्यानंतर आम्ही तीनदा जाऊन आलो. मेंबरशिप आहेच, फी दरवर्षी जाते, पॉइंट येतात आणि पुढच्या वर्षीपर्यंत वापरले नाहीत की मरतात. कंपनीवरचा माझा राग गेलेला नाही. त्या पंगतीबद्दल सर काही बोललेले नाहीत आणि मी विचारलेलं नाही. मला त्या घरात आवडतं असंही नाही. पलंग आखूड आहे, कॉफी पातळ असते, आणि सर रोज सकाळी सगळा पेपर मोठ्यानं वाचतात, जाहिरातींसकट, आणि प्रत्येक बातमीवर माझं मत विचारतात. मी उठून बाहेर जायचं ठरवतो. पण नात माझ्या छातीवर झोपलेली असते, तिची मूठ माझ्या शर्टात अडकलेली असते, आणि जरा हललं तरी ती जागी होते.